फ्लेक्सवर तसाच राहिलेला आप्पांचा फोटो

संत्या, गावच्या ग्रुपवर नुसतं हात जोडल्याचं चिन्ह टाकून हे मिटणार न्हाई. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

आमचे आमदार मुदतीच्या मधेच वारले. माझे आप्पा अठरा वर्षं त्यांचे ड्रायव्हर होते. काल पोटनिवडणुकीचा निकाल लागला. विधानसभा तीच, आमदार नवा.

आज सकाळी आमच्या फाट्यावर नव्या आमदारांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. तो केला माझ्या फ्लेक्सवाल्या दोस्तानं, संत्यानं, जुन्या आमदारांच्या फ्लेक्सची फाईल वापरून. वरचा मोठा फोटो बदलला, पण खाली शुभेच्छुकांच्या रांगेत आप्पा तसेच राहिले. हसत.

मी इथं कोइंबतूरला, सोनं आटवायच्या गलाई दुकानात. दुपारी संत्याला फोन लावला.

“आरं गड्या, खालची मुंडकी कोण मोजतंय? उलट आप्पा नव्या सायबांच्या नजरंत आलं की!”

मग आईला लावला. आप्पा डेअरीत दूध घालून येताना फाट्यावर थांबले होते. घरी आल्यापासून जेवले न्हाईत. आईनं त्यांच्याकडं फोन दिला, तर एवढंच म्हणाले, “लोकं म्हनतील, वर्सश्राद्ध व्हायच्या आत डायवरनं गाडी बदलली.”

जागा रिकामी झाली की नवा आमदार येणार, नियमच हाय. पण आप्पांनीबी तेवढ्यात नव्याचं व्हावं का? सांगा तुमी.

संत्या, आजच तो फ्लेक्स उतरव. आप्पांचा फोटो काढून दुसरा छाप. खर्च माझा. बाराशे पाठवतोय.