थापीखालची बोटं

इथे आखातात, हमरियात, आमच्या खोलीखालच्या दुकानाला चुना मारतायत. ओला वास जिन्यातून वर आला आणि सहम गावाजवळची ती मातीची मशीद आठवली.

वीस वर्षं झाली. पडायला आलेली ती जुनी मशीद होती तशी सांभाळायची, असं काम होतं. मी रत्नागिरीचा गवंडी, हाताच्या सफाईचा भलता गर्व. आतल्या भिंतीवर बोटांचे अर्धगोल वळसे होते. कसलं हे कच्चं काम, म्हणत मी ते खरवडले आणि थापीने भिंत आरशासारखी केली.

"अर्बाब, देखो," मशिदीची किल्ली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला मी हौसेने बोलावलं.

त्याने ओल्या गिलाव्यावर तळवा टेकवला आणि काहीतरी चाचपत राहिला. रमजानच्या आधी गावातल्या बायका ही भिंत हातांनी लिंपायच्या, हे त्याने तेव्हा सांगितलं. "इधर मेरी माँ का हाथ था," तो म्हणाला. रागावला नाही. "खलास," एवढंच बोलला आणि माझ्यासाठी कहवा घेऊन आला.

मातीच ती, मी मनात म्हटलं.

आमच्या घरी आई शेणाने सारवायची, तेव्हा असेच वळसे उमटायचे. त्या दिवशी ते मला आठवलेच नाहीत. उलट पुढच्या सुट्टीत, आईला आराम म्हणून, मी घरभर फरशी बसवली. अंगणसुद्धा सोडलं नाही.

आई गेली तेव्हा मी इथेच होतो. घरी पोचलो आणि अंगणात बसून जमिनीवरून हात फिरवत राहिलो. फरशी मीच बसवलेली, एकदम गुळगुळीत. हाताला काहीच लागलं नाही.