मारोतरावांचं पान

लाखनीच्या मारोतरावांना शुगर निघाली. डॉक्टरानं भात, गोड आणि तळलेलं तेवढं बंद केलं. घाबरलेल्या देवकाबाईंनी नवऱ्याचं बाकीचंही सगळं बंद केलं. दोन्ही वेळा ज्वारीची भाकर आणि उकडलेली लौकी.

"रोज रोज लौकीच कायले वं? तोंड विटलं माहं," मारोतराव करवादायचे.

"जीव प्यारा हाय का नाही तुमाले?"

मग ते हायवेवरच्या हॉटेलात जाऊन पोटाला तडस लागेस्तोवर आलुबोंडे हाणायचे. आधी पाय कापावा लागला, मग मारोतरावच गेले.

वर्ष सरल्यावर पितृपक्षात देवकाबाईंनी त्यांच्या नावानं पान वाढायला घेतलं. दोडके, कारली, गवार, भेंडी, अंबाडी. वाढता वाढता त्यांचा हात थांबला. यातली एकही भाजी डॉक्टरानं मना केली नव्हती.