दुसऱ्याने भरलेली काडतुसं

आयरीनचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीत परत आलेली पुस्तकं जागेवर लावत होतो. कामाच्या वेळात ती कधी फोन करत नाही. "विल्फी गेला रे," एवढंच म्हणाली, आणि मग बराच वेळ फोनमधून फक्त तिच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजची घरघर ऐकू येत राहिली... सकाळी अंगणात जातो म्हणून बाहेर गेला, छातीत दुखतंय म्हणून पायरीवर बसला, आणि ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्या हातात एक पुस्तक होतं. ते कुठल्या कप्प्यातलं, हे मला काही केल्या आठवेना.

आयरीनचा नवरा विल्फ्रेड मूळचा वसईचा, मी पुण्याचा. मेलबर्नच्या पॉइंट कुकमध्ये आमची घरं समोरासमोर. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच शनिवारी त्याच्या गॅरेजचं शटर उघडं होतं, आणि आत हा माणूस टेबलाला ठोकलेल्या एका यंत्राचा दांडा शांतपणे खाली-वर करत होता. तो मराठीत गुणगुणत होता म्हणून मी धीर करून विचारलं, "रस काढताय का?"

"हो ना," तो मान वर न करता म्हणाला. "पण हा ग्लासात नाही, रायफलमध्ये भरतात."

तो शिकारीची काडतुसं घरी भरायचा. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून द्यायची नाही. ती स्वच्छ करायची, त्या यंत्रात दाबून पुन्हा मापात आणायची, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत तोलून घेतलेली दारू आणि तोंडाशी नवी गोळी. "दुकानात तयार मिळत नाहीत?" मी विचारलं. "मिळतात की. चकल्यापण मिळतात. तुमच्याकडे दिवाळीला का करतात मग?"

त्याची रायफल पंप-ॲक्शन होती. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढून पुढे ढकलली की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नवं काडतूस आत जातं. विल्फी डावखुरा. नेहमीच्या रायफलींचा काडतूस आत-बाहेर करायचा खटका उजव्या बाजूला असतो, तो त्याला जमत नसे. "डावखुऱ्यांसाठी देवाने एवढी एकच बंदूक केलीय," असं तो म्हणायचा. आम्ही पूर्वेकडच्या डोंगरांत जायचो, सांबरांच्या मागावर. ही सांबरं मूळची आपल्याच बाजूची, केव्हातरी गोऱ्यांनी इथे आणून सोडलेली. विल्फीला याचं फार हसू यायचं. "एवढे समुद्र ओलांडून आलो, आणि भेटलं कोण? गाववाला!"

सुरुवातीला मी नुसता थर्मास आणि एखादं पुस्तक घेऊन जायचो. तो झाडीत गेला की मी खडकावर बसून वाचायचो. पुढे मीही लायसन काढलं, त्याच्यासारखीच रायफल घेतली, त्याच मापाची. माझ्या हातून एकच सांबर पडलं, आणि मी रायफल बाजूला ठेवून त्या सांबराजवळ खाली बसलो. विल्फी शेजारी येऊन बसला. धुकं वर चढून आलं, मग हळूच म्हणाला, "नंतर सोपं जाईल असं सांगणार नाही."

काडतुसं भरायला मी त्याच्याकडूनच शिकलो. पण मी पडलो पुस्तकातला माणूस. कुठेसं वाचलं की पुंगळीचा फक्त गळा दाबून घ्यावा, सगळं अंग दाबू नये, म्हणजे पितळ जास्त टिकतं. तशी डबाभर काडतुसं भरली आणि मोठ्या तोऱ्यात डोंगरात गेलो. तिथे एकही काडतूस आत बसेना. मूठ पुढे ढकलून ढकलून माझा तळहात लाल झाला. विल्फी हसून हसून जमिनीवर बसला.

"अरे पुणेकरा, ते ज्ञान दुसऱ्या बंदुकीचं! पंपच्या हाताला तेवढा जोर नसतो. पुंगळी पूर्ण दाबून, अगदी नव्यासारखी करूनच भरायची."

"बरं बाबा, चुकलो. तुझी दे थोडी."

"नाही."

मला वाटलं, चेष्टा करतोय. "अरे, सेम रायफल आहे!"

"असू दे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही."

"दुसरा कोण? तू?"

"मीच." आता तो हसत नव्हता. "भरताना आयरीनने हाक मारली असेल, माझं लक्ष उडालं असेल. दारू कमी-जास्त पडली असेल. माझ्या चुकीने माझा डोळा गेला तर गेला. तुझा नाही."

मग त्याने स्वतःची काडतुसंही काढून गाडीत कुलपात ठेवली. "चल, आज नुसते फिरू." त्या दिवशी दुपारी ओढ्यापलीकडे इतकं मोठं शिंगाळं सांबर उभं राहिलं की तसं मी पुन्हा पाहिलं नाही. ते निवांत पाणी प्यायलं. आम्ही दोघं रिकाम्या रायफली घेऊन फर्नच्या झुडपात उकिडवे बसलो होतो, आणि विल्फीने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं...

तो गेल्यावर रायफल घरात ठेवता येईना, कारण आयरीनकडे लायसन नाही. बंदुकांचा डीलर येऊन ती घेऊन गेला. भरलेली काडतुसं मात्र त्याने मागे सारली. "सॉरी मेट, दुसऱ्याची भरलेली आम्ही घेत नाही." म्हणून ती माझ्याकडे आली. ब्रिस्बेनहून आलेला एड्रियन, विल्फीचा मुलगा, मला म्हणाला, "अंकल, जस्ट फायर देम. ऑल ऑफ देम. डॅड वुड लव्ह इट."

खोटं कशाला सांगू, मलाही तेच हवं होतं. विल्फीच्या हातचं आता जगात एवढंच उरलं होतं. त्या दारूत त्याने साठवलेला आवाज होता, आणि तो एकदा डोंगरात घुमलेला मला ऐकायचा होता. एका रविवारी मी एकटाच गेलो. एक काडतूस रायफलमध्ये सरकवलं. ते इतकं अलगद आत गेलं, की माझं कधीच तसं जात नाही. खांद्याला रायफल लावून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग मूठ मागे ओढली. काडतूस गवतात पडलं. ते उचलून, पुसून परत डब्यात ठेवलं.

आयरीनला हे सांगितलं तेव्हा ती त्या आठवड्यांत पहिल्यांदाच हसली. "जिवंतपणी दिली नाहीत त्याने तुला. आता मेल्यावर देईल होय?" आणि हसता हसता तिने भांडी पुसायचा टी-टॉवेल पदरासारखा तोंडावर धरला.

मग मी ती उकलायला घेतली. हातोडीसारखं एक प्लास्टिकचं अवजार असतं, त्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी सुटते आणि दारू मोकळी होते. एड्रियन एकेक हातात देत होता. दारू आयरीनने खत म्हणून तिच्या लिंबाच्या आळ्यात पसरली. गोळ्या, टोप्या वेगळ्या केल्या. राहिल्या पुंगळ्या. पितळ दुसऱ्याचं चालतं, त्याला नियमाची आडकाठी नाही. मी त्या भरू शकतो.

पण भरण्याआधी त्या घासायला हव्यात. त्यासाठी एक गरगर फिरणारा डबा असतो, त्यात घातल्या की पितळ लखलखीत होऊन निघतं. परवा पुंगळ्या दिव्याखाली धरल्या तर जवळजवळ प्रत्येकीवर एक काळसर डाग दिसला. घामाचा हात लागला की पितळ तेवढंच काळवंडतं. गोळी बसवताना विल्फी पुंगळी जिथे धरायचा, तिथे त्याचा अंगठा उमटलाय. काहींवर तर रेषासुद्धा दिसतात.

डबा टेबलावर मांडून ठेवलाय, वायर प्लगला लावलीय. रोज संध्याकाळी मी गॅरेजमध्ये जातो, एक पुंगळी उचलतो, त्या डागावर माझा अंगठा येऊ नये म्हणून तिला टोकाशी धरतो... आणि परत ठेवून देतो.