ओळख न पटलेला टाक

वंशावळीचं काम मी नेहमीप्रमाणे याद्या करून सुरू केलं. कुणाला भेटायचं, कुठले कागद काढायचे, घरात जुनं काय काय आहे. चंपाषष्ठीला आमची भावकी वारूळवाडीला जमते. यंदा मांडवात सहा पिढ्यांचा फ्लेक्स लावणार, असं मी ग्रुपवर जाहीर करून बसलो होतो. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं नटबोल्टांच्या नोंदी ठेवल्यात. माणसांच्या काय अवघड, असं वाटत होतं.

तहसीलमधून जुने फेरफार काढले. शाळेचं रजिस्टर पाहिलं. पणजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, त्यांचा तळ कुठल्या शेतात बसायचा ते म्हाताऱ्यांकडून लिहून घेतलं. इतरांच्या वंशावळीत नुसते बाप्ये असतात. मी प्रत्येकाशेजारी त्याच्या बायकोचं नाव घातलं. हे मी चारचौघांत बोलूनही दाखवत होतो.

घरातल्या वस्तूंची यादी देव्हाऱ्यापाशी आली. चांदीचे टाक पार झिजले होते. एकेक पाटावर मांडून फोटो काढला, नोंद केली. खंडोबा, चेहरा गेलेला. देवी, बरी. शेवटी अंगठ्याच्या नखाएवढा एक उरला. त्यावर बाई असावी, पण नाक-डोळे राहिले नव्हते. वर तुटकी कडी होती. देव्हाऱ्यातल्या देवाला कडी कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी लिहिलं, 'ओळख पटत नाही'.

"आत्यांना विचारा ना आधी," बायको म्हणाली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, मढला दिलेली, ऐंशी ओलांडलेली. तिला मी कच्चा फ्लेक्स हातात आल्यावर बोलावणार होतो; माझा क्रम तसा ठरला होता. झिजलेले टाक नारायणगावच्या सोनाराकडे दिले आणि त्याच चांदीत नवा खंडोबा करायला सांगितला.

चंपाषष्ठीच्या आठ दिवस आधी आत्या एसटीने आली. तिला वाचता येत नाही, म्हणून छापून आणलेल्या कागदावर बोट ठेवून मी वाचून दाखवलं. आजोबा, शेजारी आजी, खाली तू, मग दादा, म्हणजे माझे वडील.

"आन् माजी आई?"

"ही काय. आजी."

"ती तुज्या बापाची आई. मला वाढवलं तिनंच, पर मला जन्म देनारी तिच्या आदीची. मी रांगत व्हते तवा गेली. तुला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. घरात कुणी बोललं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. तरी म्हणालो, "कागदात कुठंच नाव नाही तिचं."

"कागदात कशी आसंल? आईच्या गळ्यात व्हती की."

आमच्याकडे पहिली बायको वारल्यावर माणसाने दुसरी केली, तर दुसरी ही पहिलीचा लहानसा टाक गळ्यात घालते. हे मला माहीत होतं. चार लग्नांत पाहिलेलंही होतं. आत्या सांगत होती, आजी सणावाराला त्या टाकाला कुंकू लावायची, मग तो लहानग्या आत्याच्या कपाळाला टेकवून म्हणायची, ही बघ तुझी आई. आजी गेल्यावर तो देव्हाऱ्यात ठेवला.

"फोटू न्हाई, काय न्हाई. तेवढीच हाय. आण बाबा, कुंकू लावू दे मला."

मी आत गेलो. रिकाम्या पाटासमोर उभा राहिलो. बाहेर येऊन म्हणालो, "सोनाराकडं उजळायला दिलाय."

"जास्त घासू नको म्हनावं त्याला. आदीच लई झिजलीया."

मी तसाच गाडीला किक मारून नारायणगावला गेलो. सोनाराने गुलाबी कागदात गुंडाळलेला नवा खंडोबा पुढे केला. "ते सगळं आटवलं की भाऊ. तुमीच म्हनला ना, मोडा?"

परत आलो तेव्हा आत्या ओट्यावर वाल सोलत होती. पदराला हात पुसून तिने तळवा पुढे केला. मी टाक ठेवला.

"हा तर देव."

"आत्या, ती यातच आहे."

हे वाक्य मी वाटेत तयार केलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. "सरळ सांग. मोडली?"

"हो."

बराच वेळ ती देवावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "वळखू आली न्हाई, तर इचारायचं व्हतं, लेका. मी काय मेले व्हते?"

मला जे येतं तेच केलं: खिशातलं पेन काढलं आणि तिच्या आईचं नाव विचारलं. तिने सांगितलं. "घाल. पर मला कुठं वाचाया येतंय," म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

चंपाषष्ठीला फ्लेक्स लागला. आजोबांशेजारी आता दोन चौकटी होत्या. चुलतभावांनी तिथेच घोळका केला. "काय राव, कागदात नसलेली बाई हुडकली तुमी! याला म्हनत्यात अभ्यास." कुणीतरी शाल आणली होती, ती माझ्या खांद्यावर आली. आत्या पुढच्याच सतरंजीवर होती. एकाने तिला विचारलं, "काय आत्याबाई, झालं ना मनासारखं?"

"त्यानं लई कष्ट घेतलं," ती म्हणाली.

मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मांडववाला, आचारी, फ्लेक्स छापणारा, गाड्या करून लांबून आलेले पाहुणे, सगळ्यांचे क्रमाने आभार मानले. टाकाचं बोललो नाही. खाली बसलो तेव्हा आत्या माझ्याकडे बघत नव्हती.