ज्वारीवरचा हलवा

हलव्याला काटा आपोआप येत नाही, बाई. शेगडीवर परात ठेवायची, पाकाचे चार थेंब टाकायचे आणि तापल्या परातीत दाणे बोटांनी फिरवत राहायचं. बोटं भाजतात. भाजू द्यायची. लातूरला, माझ्या पहिल्या संक्रांतीसाठी, मी असं आठ दिवस केलं. नव्या सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात, ते आयुष्यात एकदाच. करायचे सासूनं, पण आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, नीट दिसत नव्हतं. माझे मीच केले.

जिल्हा नवा झाला होता आणि नळ कोरडे. टँकरच्या पाण्याचा पाक खारट व्हायचा, म्हणून प्यायच्या घागरीतलं पाणी मी पाकाला राखलं. तीळ त्या साली पिकलाच नव्हता. मग मी ज्वारीच्या दाण्यांवर पाक चढवला. आत्याबाई म्हणाल्या, "लई डोकं हाय गं तुला!" काटा असा आला की हात फिरवला तर टोचावा. हार, बांगड्या, बाजूबंद, बिंदी, सगळं पांढऱ्या दोऱ्यात ओवून डब्यात ठेवलं.

संक्रांतीच्या सकाळी डबा जागेवर नव्हता.

मामंजी, माझे सासरे, नव्या कचेरीत शिपाई होते. ह्यांनाही तिथंच टेंपररी चिकटवलेलं. कायम व्हायचं होतं. साहेबाच्या सुनेचीही पहिलीच संक्रांत. मामंजींनी डबा तिकडं पोचवला होता, मला एका शब्दानं न विचारता. वर म्हणतात, "पुढच्या साली कर की. हात हायेत ना तुला?"

मेलं ते बोलणं! पुढच्या साली पहिली संक्रांत येते होय?

दुपारी साहेबाच्या घरी हळदीकुंकू होतं. बोलावणं आलेलं, आत्याबाई आणि मी गेलो. सून पाटावर बसलेली, गळ्यात माझा हार. बायका म्हणत होत्या, "अगं बाई, काय काटा आलाय!" साहेबाची बायको म्हणाली, "पुण्याहून मागवलेत. इथं कुठं मिळतंय असलं?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आत्याबाईंनी पदर ओढला, तरी मी पुढं झालेच. हारातला एक दाणा तोडला, दातानं फोडला आणि तळहातावर धरला.

"बाईसाहेब, पुण्याला हलव्यात ज्वारी घालतेत व्हय?"

साहेबाची बायको वाणाचं ताट घेऊन पाठमोरी झाली. सून तेवढी माझ्या भाजलेल्या बोटांकडं बघत राहिली.

संध्याकाळी घरी फोटोवाला आला, त्याला आधीच सांगून ठेवलेलं. मी काळी साडी नेसून उभी राहिले. तो म्हणाला, "वहिनी, गळ्यात काही तरी घाला की." म्हटलं, "न्हाई. असाच काढा."

ह्यांना काही कायम केलं नाही. "तुझ्या जिभेनं घालवलं," मामंजी येताजाता म्हणायचे. मीही खाली मान घालून ऐकायची. मग उन्हाळ्यात ह्यांनीच येऊन सांगितलं. त्या जागेवर साहेबाच्या गावचा माणूस घेतलेला होता, आणि ऑर्डर संक्रांतीच्या आधीच निघालेली. म्हणजे डबा गेला तेव्हा द्यायला तिथं काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खिळा ठोकला. मामंजी होते तोवर तो मोकळ्या गळ्याचा फोटो त्यांच्या पाटासमोरच्या भिंतीवर होता. रोज दोन्ही वेळ मी त्यांना तिथंच वाढलं.