कोरडी मान

काचेच्या कारखान्यातील भट्टीपाशी दाजींनी एकतीस वर्षे काढली. तेथे एक शिस्त होती. दर तासाला जोडीदाराने दुसऱ्याच्या मानेवर पंजा ठेवायचा. मान घामाने ओली असेल तर काम चालू, कोरडी असेल तर माणूस सावलीत. महिन्यात दोनदा कोरडी सापडली, की भट्टी सुटली आणि खोक्यांत बाटल्या भरण्याचे काम माथी आले.

दाजींचा जोडीदार म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. 'दाजी' हे नाव साऱ्या कारखान्याने त्याच्याच तोंडून उचलले होते.

त्या महिन्यात दाजींची मान एकदा कोरडी निघाली होती. वयाबरोबर घामही आळसावतो, हे त्यांना मान्य नव्हते. खोकी भरण्याच्या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखे होई. म्हणून त्या दुपारी तास भरत येताच त्यांनी गुपचूप ओले फडके मानेवरून फिरवले.

मेहुण्याने पंजा ठेवला आणि तो थबकला.

"दाजी, हा घाम गार कसा?"

"तुझाच हात तापलाय. आम्ही तावून सुलाखून निघालेली माणसं."

"तावून सुलाखून सोनं निघतं, दाजी. माणूस भाजतो! चला बाहेर."

"ताईला सांगशील तर बघ..."

वाक्य पुरे होण्याआधीच दाजींचे गुडघे वाकले. मेहुण्याने त्यांना पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला. परिचारिकेने ओल्या चादरी घातल्या, पंखा लावला. तासाभराने ताप उतरू लागला, तेव्हा कोठे मेहुणा खाली बसला.

दुसऱ्या दिवशी परिचारिका दाजींना म्हणाली, "काका, घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तुमचा घाम आटला, उष्णता आतच कोंडली. थंडीत उलटं, अंग थरथरून ऊब करतं. हा सगळा कारभार मेंदू बघतो. मेहुण्याला फसवायला गेलात, पण मेंदूला कसं फसवाल?"

दाजी ओशाळले. पुढे ते खोकी भरू लागले. तेथे उकाडा बेताचाच होता, तरी दर तासाला मेहुणा भट्टीवरून येई.

"आता इथे कशाला रे?"

"ताईचा हुकूम आहे."

दाजी कुरकुरत, पण सदऱ्याची कॉलर स्वतःच खाली ओढत.

"ओली आहे, दाजी."

"मग जा. नाही, थांब. तुझी दाखव आधी."