आन्सेल्मचं नाक

शातो ब्रेसाक या वाइन बनवणाऱ्या द्राक्षमळ्यात आन्सेल्म लार्तिगच्या नाकाचा दरारा होता. बाटली उघडली की तो पेला नाकाशी न्यायचा आणि मान हलवायचा. त्यापुढे मालकीणबाईसुद्धा ब्र काढत नसत. चाळीस वर्षं वाइनचं तळघर सांभाळलेल्या माणसाला एवढा तोरा शोभतो.

मागच्या हिवाळ्यातल्या तापाने ते नाक गेलं. कळलं कसं, तर एका दुपारी चुलीवर कांद्याचं सूप करपून कोळसा झालं आणि हा गृहस्थ शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेला. बायको ओदेत असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. कपाटातल्या तिच्या शालीत त्याने तोंड खुपसून पाहिलं, काहीच नाही. त्या दिवशी तो फार रडला. पण बोलला कुणाशीच नाही. वास न येणाऱ्याला तळघरात कोण ठेवणार? आणि तळघर सुटलं, तर दिवस काढायचा कुठे?

मार्चमध्ये त्रेपन्न सालच्या बाटल्यांची बुचं बदलायची ठरली. शेवटच्या बारा उरल्या होत्या. इतक्या वर्षांत बुचं कुजतात, वाइन थोडी आटते. म्हणून एक बाटली खर्ची घालायची आणि तिच्यातून बाकीच्या भरून घ्यायच्या. नवी बुचं ठोकायला गास्तों होता, वीस वर्षांपासूनचा तळघरातला जोडीदार. आन्सेल्मने बारावी बाटली उघडली, पेला नाकाशी नेला, सवयीने मान हलवली आणि अकराही बाटल्यांत तिची भर घातली.

उरलेली वाइन रिवाजाप्रमाणे दोघांनी जेवताना घेतली. पहिल्याच घोटाला गास्तोंने हातातला पाव खाली ठेवला.

"आन्सेल्म, हिला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय."

"काहीतरीच बोलू नकोस."

"अरे, बुचाने नासलीय ही. आणि तू अकराच्या अकरांत ओतलीस."

आन्सेल्मने पुन्हा पेल्यात नाक घातलं. मग पेला ठेवून दिला. "मला वास येत नाही, गास्तों. हिवाळ्यापासून."

गास्तोंने आपला पेला बाजूला सारला. "बाईंना सांगू, बारावी मीच उघडली आणि न विचारता ओतली. मी घेतो अंगावर."

"नको. माझं मी सांगेन."

"मग इतके दिवस का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगणार? घरात आहे कोण?"

गास्तोंला ते लागलं. "आणि रोज आठ तास तुझ्या शेजारी उभा असतो, तो कोण?"

बाईंकडे जायला आन्सेल्म उठला. 'चल माझ्याबरोबर' एवढंच गास्तोंला म्हणावं, असं त्याला फार वाटलं. पण तशी सवयच नव्हती. तो एकटाच जिना चढू लागला.